पाडायच्या बिल्डिंगलाच आधी जॅकेटिंग: एका अकरा मजली सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातली, खाडीपासून चालत दहा मिनिटांवरची सोसायटी. खाली स्टिल्ट, म्हणजे नुसत्या कॉलमांवरचं मोकळं पार्किंग, वर ११ मजले, दर मजल्यावर ४ फ्लॅट, म्हणजे ४४ कुटुंबं. बांधकाम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं. मी या प्रकरणात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आलो आणि जानेवारी २०२३ पर्यंत होतो. ओळख पटेल असं सगळं गाळलंय, कामाचं तेवढं ठेवलंय.

त्या काळातल्या बिल्डिंगांबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, १९८२ मध्ये कंट्रोल थोडा सैल झाला. काँक्रीट म्हणजे एम १५, १५ मेगापास्कल ताकदीचं, एकास दोनास चार (सिमेंट, रेती, खडी), घमेल्यानं मोजलेलं, पाणी मिस्त्रीच्या अंदाजानं. रेती खाडीची, नीट धुतली तर धुतली, आणि त्यातलं मीठ काँक्रीटच्या पोटात कायमचं बसलेलं. सळई टॉरची, म्हणजे पीळ दिलेली, आणि पीळ दिलेल्या सळईला गंज लवकर धरतो हे आपल्याला समुद्राकाठी वीसतीस वर्षं राहून कळलं.

त्यावर माणसांनी केलेले बदल. गच्ची गळते म्हणून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर केला, परत गळली म्हणून जुना न काढता त्यावरच दुसरा. वरचा सहा इंचाचा थर म्हणजे दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास, आणि गच्चीवर माणसांसाठी वगैरे मिळून डिझाइनमध्ये धरतात दीडशे किलो. फ्लॉवर बेड खोलीत घेतलेले, बाल्कन्या बंद केलेल्या, स्टिल्टचा एक कोपरा भिंती घालून ऑफिस केलेला. आणि रोज सकाळी पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या जायच्या, ते पाणी तीसेक वर्षं कॉलमच्या पायाशी साचत आलेलं. २००९ मध्ये एकदा रिपेअर झालं होतं, पण ते खरं तर प्लास्टर आणि रंग.

अडचण काय होती

सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. खाली मेसेज, "साहेब, कॉलमचं प्लास्टर फुगलंय, मिस्त्रीकडून भरून घेऊ का?" फोटोत लिफ्टजवळच्या कॉलमवर उभी भेग होती, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. आडवी किंवा जाळीसारखी भेग असती तर मी कदाचित दोन दिवसांनी गेलो असतो, पण कॉलमवरची उभी भेग म्हणजे आतली सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीटला बाहेर ढकलतेय, किंवा मग कॉलम स्वतःच वजनाखाली चिरतोय. त्याच संध्याकाळी गेलो.

हातोडी मारली तर बद्द आवाज. छिन्नी लावायची गरजच पडली नाही, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हातानं निघून आलं, पावाच्या स्लाइससारखं. आत २५ मिलिमीटरची सळई. गंज खरवडून कॅलिपर लावला तर १९. ऐकायला सहाच मिलिमीटर कमी, पण क्षेत्रफळ काढा, ४२ टक्के सळई गेलेली. त्याहून वाईट म्हणजे रिंगा नव्हत्याच. आठ मिलिमीटरच्या रिंगांच्या जागी तपकिरी रेघ उरली होती, बोटानं पुसली गेली. कॉलममध्ये रिंगा उभ्या सळयांना बाहेर वाकू देत नाहीत आणि आतल्या काँक्रीटला आवळून धरतात. त्या गेल्या की कॉलम कसलीही पूर्वसूचना न देता जातो. बीम वाकतो, भेगा दाखवतो, वेळ देतो. कॉलम वेळ देत नाही.

हा कॉलम नंबर १४. मूळ माप ३८० बाय ९००. चारी बाजूंचं कव्हर सुटलेलं धरलं तर उरतो २९० बाय ८१०, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. याच्यावर वजन माझ्या हिशोबानं २५० टनाच्या आसपास, कारण वर लिफ्टची मशीनरूम आणि गच्चीवरची टाकी याच चार कॉलमांवर.

आता गुंता असा की सोसायटीकडे आधीचे दोन ऑडिट रिपोर्ट होते आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. महापालिकेच्या पद्धतीत चार वर्ग आहेत: सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहतील अशी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पहिला रिपोर्ट सी-२बी, दुसरा सी-१. पहिला आणला होता रीडेव्हलपमेंट नको असलेल्या गटानं, दुसरा हवं असलेल्या गटानं, आणि त्यामुळे कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. हे मला फार लागतं. बिल्डिंगला गट कळत नाहीत, आणि आमच्या धंद्यातल्या माणसानं हवा तो शिक्का मारून दिला की पुढचा प्रामाणिक रिपोर्टसुद्धा लोकांना विकतचाच वाटतो.

दोन्ही रिपोर्ट वाचले. आकडे खोटे नव्हते, पण दोघांनी वेगवेगळ्या जागी टेस्ट घेतल्या होत्या. पहिल्यानं वरच्या मजल्यांवर कोरड्या जागी रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कडकपणा मोजणारा हातोडा) मारला आणि सरासरी काढली. दुसऱ्यानं सगळ्यात वाईट जागा शोधल्या आणि सगळी बिल्डिंग तशीच धरली. अकरा मजल्यांची सरासरी चांगली असून उपयोग काय, सगळं वजन शेवटी स्टिल्टच्या कॉलमांतूनच जमिनीत जातं.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

त्या संध्याकाळी मी तीन गोष्टी सांगितल्या. गच्चीवरची टाकी ४०,००० लिटरची, ती अर्धीच भरायची, म्हणजे लगेच २० टन कमी. लिफ्टच्या आजूबाजूच्या गाड्या बाहेर. आणि त्या कॉलमला कोणीही हात लावायचा नाही, प्लास्टर वगैरे अजिबात नाही.

चौथी सांगायला हवी होती ती सांगितली नाही: आजच्या आज टेकू. मला वाटलं आधी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने काढू, रिपोर्ट येऊ दे, दोन गट भांडतायत तर हातात कागद असलेला बरा. कोअर काढून लॅबचे आकडे यायला ११ दिवस गेले. त्या ११ रात्री ४४ घरांतली माणसं वर झोपत होती आणि पाऊस पडत होता. काही झालं नाही. पण झालं नाही म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. कॅलिपरनं १९ दाखवलं तेव्हाच मला जे कळायचं ते कळलेलं होतं, लॅबनं त्यात निर्णय बदलेल असं काहीच घातलं नाही.

आकडे असे आले. स्टिल्टच्या २६ कॉलमांपैकी ७ मध्ये अल्ट्रासोनिक वेग, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी जायचा वेग, ३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या खाली, म्हणजे काँक्रीट संशयास्पद. सळईच्या गंजाचा अंदाज देणारं हाफ सेल पोटेन्शियल उणे ३८० ते उणे ४६० मिलिव्होल्ट, आणि उणे ३५० च्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. कोअरमधला सगळ्यात कमी ८.६ मेगापास्कल, एम १५ साठी एकाही कोअरनं ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ११.२५ च्या खाली जायला नको. फिनॉल्फ्थॅलीनचा स्प्रे मारल्यावर चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, इथे सळईच्या मागेपर्यंत रंगच आला नाही, म्हणजे सळईला गंजापासून जपायचा काँक्रीटचा गुणच गेलेला.

टेकू लावताना आणखी एक गोष्ट घडली. साधा लोखंडी प्रॉप तीन मीटर उघडला की दोनेक टन घेतो, त्यामुळे २५० टनासमोर त्याचा उपयोग नाही. आम्ही आयबीमचे चार टॉवर, स्क्रू जॅकसकट, कॉलमच्या चारी बाजूंना बीमखाली लावायचं ठरवलं. पूर्ण वजन त्यावर घ्यायचं नव्हतंच, कॉलम खचायला लागला तर बीम धरायला काहीतरी हवं आणि वरच्या फ्रेमला वजन शेजारच्या कॉलमांकडे वळवायला वेळ मिळावा, एवढाच हिशोब. माणसं टॉवर उभे करायला लागली तेवढ्यात पंप चालवणारे मामा लांबून बघत होते, ते पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, इथे खाली टाकी हाय." सक्शन टाकी, पंप जिच्यातून पाणी ओढतो ती जमिनीखालची. मंजूर नकाशात ती कंपाउंडजवळ दाखवलेली, प्रत्यक्षात लिफ्टसमोर, वर लादी बसवलेली. म्हणजे चारपैकी दोन टॉवर मी टाकीच्या स्लॅबवर उभे करत होतो. काम थांबवलं, टाकीच्या भिंती कुठून जातात ते शोधलं, जाड गर्डर आडवे टाकून वजन भिंतींवर नेलं. मामांनी तोंड उघडलं नसतं तर माझ्या टेकूनंच अपघात केला असता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, लोक राहत असताना कॉलमांना जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं कवच. लोकांना हाच हवा होता आणि मला त्याचं कारण समजत होतं. पण जॅकेटिंग करताना सैल काँक्रीट आधी काढावं लागतं, म्हणजे मजबूत करण्याआधी काही दिवस कॉलम आणखी बारीक होतो. डोक्यावर ४४ संसार असताना हे सात कॉलमांना करायला मी तयार नव्हतो.

दुसरा, रिकामी करून पूर्ण दुरुस्ती. तांत्रिकदृष्ट्या शक्य. पण मिठाचं काय? क्लोराइड मूळ रेतीतून सगळ्या काँक्रीटमध्ये भिनलेलं असलं तर स्टिल्ट धरलं तरी पाचसात वर्षांत दुसऱ्या, तिसऱ्या मजल्याची पाळी.

तिसरा, रिकामी करून पाडायची.

मी एसजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत, स्पष्ट सांगितलं की रिकामी करणं आणि पाडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आज फक्त पहिला घ्या. माझ्या मते हे सांगणं सगळ्यात उपयोगी पडलं, कारण तोपर्यंत बाहेर पडायला हो म्हणणं म्हणजे बिल्डरला हो म्हणणं असंच समीकरण झालं होतं. एक गृहस्थ उठून म्हणाले, चाळीस वर्षं उभी आहे, आजच काय झालं? मी त्यांना २५ जुलै २०१७ ची घाटकोपरची घटना सांगितली. तळमजल्यावर आतल्या बदलांचं काम चालू होतं आणि चार मजली बिल्डिंग सकाळी खाली आली, १७ माणसं गेली. तीही आदल्या दिवसापर्यंत उभीच होती. मग मी सगळ्यांना खाली नेलं आणि कॉलम नंबर १४ दाखवला. ज्यांना मिलिव्होल्ट कळत नव्हते त्यांना रिंगेच्या जागची ती तपकिरी रेघ कळली.

रिकामी करणं

महापालिकेत दोन विरुद्ध रिपोर्ट गेले की प्रकरण टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटीकडे जातं, टॅककडे. त्यांनी पाहणी करून नव्या टेस्ट बघितल्या आणि सी-१ केलं. मग महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची, धोकादायक बिल्डिंगची नोटीस. पण तोपर्यंत थांबायचं नाही असं सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं आणि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ३९ कुटुंबं आपणहून बाहेर पडली. उरलेली पाच नोटीस आल्यावर.

नवव्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी मला घरात बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "रेशनकार्डावर, आधारवर पत्ता हाच आहे, तो आता काय करू? आणि मी परत येईन तेव्हा हे घर माझंच हे कोण सांगेल?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याचं होतं: पाडण्याआधी प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट मोजून, राहणाऱ्याच्या नावासकट नोंद करून घेता येते आणि बिल्डिंग पाडली म्हणून हक्क जात नाही. आम्ही ४४ च्या ४४ घरं मोजली, प्रत्येकाला सहीशिक्क्याची प्रत मिळेपर्यंत सेक्रेटरींनी पाठपुरावा केला. बाहेर न पडणाऱ्या पाचांपैकी तिघं ती प्रत हातात पडल्यावर तयार झाली. म्हणजे त्यांना भीती बिल्डिंगची नव्हतीच, कागदाची होती, आणि आम्ही महिनाभर त्यांना बिल्डिंगचीच भीती समजावत बसलो होतो.

पाडायचं कसं

जागा अडचणीची. एका बाजूला शेजारची सात मजली बिल्डिंग साडेपाच मीटरवर, दुसऱ्या बाजूला नर्सरी शाळा, समोर बारा मीटरचा रस्ता. जमिनीवरून लांब हाताच्या मशीननं कुरतडत पाडायला मशीनला मागे सरकायला जागा हवी, ती नव्हती. शिवाय अशक्त कॉलमांवरची बिल्डिंग एका बाजूनं खात गेलं की वजनाचा तोल बिघडतो. राहिलं वरून खाली, मजल्यामागून मजला. यात एक मोठा फायदा की प्रत्येक मजला उतरला की स्टिल्टवरचं ओझं बाराव्या हिश्श्यानं हलकं होतं. तोटा हा की सुरुवातीलाच, सगळं वजन वर असताना, त्यात तीन तीन टनांची दोन मिनी पोकलेन आणि ब्रेकरचे हादरे यांची भर पडते.

म्हणून मी मागणी केली की पाडायच्या आधी स्टिल्टच्या सातही कॉलमांना जॅकेटिंग करा. बैठकीत गदारोळ झाला. पाडायच्या बिल्डिंगला रिपेअर? पैसे वर आलेत का? दुरुस्तीला नाही म्हणणारा इंजिनिअर आता दुरुस्ती मागतोय? त्यांचं म्हणणं मला चूक वाटलं नाही, ऐकायला ते विचित्रच आहे. पण पाडकाम सात-आठ महिने चालणार होतं आणि रोज तीसचाळीस मजूर तिच्यावर आणि तिच्याखाली असणार होते. रहिवासी बाहेर काढले आणि त्यांच्या जागी बिगारी आत घातले, एवढ्यानं बिल्डिंग सुरक्षित होत नाही. ती शेवटचा मजला उतरेपर्यंत उभी राहायला हवी. मी लिहून दिलं की जॅकेटिंग नसेल तर मी पाडकामाच्या पद्धतीवर सही करणार नाही. चेअरमन रिटायर्ड बँक ऑफिसर, त्यांनी रात्री फोन करून एकच विचारलं, "इंजिनिअर साहेब, तुमचा मुलगा त्या मजुरांत असता तर केलं असतंत का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंजूर करून घेतलं.

बिल्डिंग रिकामी, टाकी रिकामी, वरचा कोबा काढून टाकलेला, म्हणजे वजन बरंच उतरलेलं, तेव्हा एका वेळी एकच कॉलम धरून रिंगा, नव्या सळया आणि चारी बाजूंनी १०० मिलिमीटर मायक्रो काँक्रीट. एप्रिल २०२२ पर्यंत झालं.

पाडकामाचा क्रम आम्ही आयएस ४१३०, म्हणजे पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक, धरून लिहिला. आधी वायरिंग, गॅस, पाणी तोडणं, खिडक्या, दारं, लाद्या काढणं. पावसाच्या पाण्याचे उभे पाइप जुने सिमेंटचे, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, ते फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे. मग प्रत्येक मजल्यावर बाल्कन्या आणि छज्जे सगळ्यात आधी. पुढे निघालेली बाल्कनी मागच्या स्लॅबच्या आणि त्यावरच्या वजनाच्या जोरावर तोललेली असते, मागचं आधी फोडलं की ती माणसासकट पुढे पडते. त्यानंतर स्लॅब, दुय्यम बीम, मुख्य बीम, मग कॉलम, आणि बाहेरचे कॉलम तारेनं बांधून आतल्या बाजूलाच पाडायचे. जिना त्या मजल्यावर शेवटी. मशीन ज्या स्लॅबवर उभी त्याच्या खाली तीन मजले टेकू. शेजारच्या बिल्डिंगचे आधी सगळे फोटो, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या, काच तडकली तर हालचाल आहे.

नॉयडा, आणि त्यानंतरची घाई

मे मध्ये सुरू केलं, पावसाळ्यात रेंगाळलं. ऑगस्टअखेरीस आठव्या मजल्याचं काम चालू असताना २८ तारखेला नॉयडाचे ट्विन टॉवर पाडले गेले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ पंचवीस वेळा. दहाबारा सेकंदांत शंभर मीटरचे टॉवर गेले, आणि आपल्याला इतके महिने? भाडं भरणाऱ्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी झूमवर दीड तास उत्तर दिलं. ते दहा सेकंद दिसतात, त्यामागचं वर्ष दिसत नाही. सुप्रीम कोर्टाची पाडायची ऑर्डर ३१ ऑगस्ट २०२१ ची, स्फोट वर्षभरानं. ३,७०० किलोच्या आसपास स्फोटकं, नऊ हजारांहून जास्त भोकं, आजूबाजूची हजारो माणसं त्या दिवशी बाहेर. आणि ते टॉवर नवे, काँक्रीट ठरल्यासारखं वागणारं. आमच्याकडे १९८३ चं काँक्रीट, कुठे ८, कुठे २०, सळई कुठे आहे कुठे नाही. आतलं नक्की माहीत नसलं की स्फोट अर्धवट होतो. त्यानंतर महिनाभरानं, २ ऑक्टोबरला, पुण्याच्या चांदणी चौकातला पूल उडवला, सहाशे किलोच्या आसपास स्फोटकं वापरून, आणि तरी काही भाग उभाच राहिला, मशीन लावून पाडावा लागला. तो रिकाम्या रस्त्यावरचा पूल होता. साडेपाच मीटरवर सात मजली बिल्डिंग असताना अकरा मजले अर्धवट तिरके उभे राहिले असते तर तिथे मशीन घेऊन कोण गेलं असतं?

लोकांना पटलं. पण दबाव काँट्रॅक्टरवर जायचा तो गेलाच. दिवाळीच्या आधी सहावा मजला उतरवतो असा शब्द त्यानं दिला आणि मला न सांगता रात्रपाळी लावली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस चालू. डेब्रिज लिफ्टच्या डक्टमधून खाली टाकत होते, ते ओल्या मातीनं तुंबलं. रात्री कोणी मोकळं केलं नाही, फोडलेलं तिथेच सहाव्याच्या स्लॅबवर साठत गेलं. आणि खालचे काही टेकू पुढच्या मजल्याला लागतील म्हणून आधीच काढलेले. सकाळी मी पोचलो तेव्हा कमरेएवढा ढीग. सैल डेब्रिज घनमीटरला दीड टनाच्या आसपास, फूटभर थर म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे किलो, आणि ही स्लॅब घरगुती वापराच्या दोनशे किलोसाठी केलेली. इथे तीन फूट होता. खाली जाऊन दोरी ताणली, स्लॅब मधोमध ३५ मिलिमीटर खाली, बीमच्या टोकाशी ताजी तिरकी भेग. ताज्या भेगेचा रंग वेगळा असतो, पांढुरका.

सगळ्यांना खाली आणलं. सहा दिवस काम बंद. खालच्या मजल्यांवर परत टेकू, तेही सगळ्यात खालून वर असे, मग माणसांनी फळीवर उभं राहून, मशीन न लावता, ढीग कडेकडेनं कमी केला. कोणाला इजा झाली नाही.

चौकशीत मी माझंच ड्रॉइंग काढलं. त्यावर टीप होती, डेब्रिजचा थर जास्तीत जास्त ३०० मिलिमीटर, इंग्रजीत, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. रात्रपाळीच्या मुकादमाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याच्यापर्यंत ते ड्रॉइंग गेलंच नव्हतं. तो म्हणाला, "मला कोनी सांगितलं असतं तर मी कशाला चढवलं असतं, माझीच पोरं खाली होती." काँट्रॅक्टरनं रात्रपाळी लपवली ती त्याची चूक, पण नियम काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर नव्हता ही माझी.

त्या दिवसापासून प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक कॉलमवर स्लॅबपासून सहा इंचांवर लाल ऑइलपेंटचा पट्टा. पट्टा डेब्रिजखाली झाकला गेला की काम बंद, बिगारीनंसुद्धा बंद करायचं, कोणाला विचारायची गरज नाही. टेकूंवर पिवळा रंग, पिवळ्याला हात फक्त दिवसपाळीचा मुकादम लावणार. फूटभराची मर्यादा मी अर्ध्यावर आणली, काम आणखी लांबलं, सोसायटीत बोलणी खाल्ली.

शेवटी काय झालं

दिवाळी हुकली. जानेवारी २०२३ मध्ये स्टिल्टपर्यंत पोचलो. शेजारच्या बिल्डिंगवरच्या काचेच्या पट्ट्यांपैकी एक तडकली, ती एका जुन्या प्लास्टरच्या भेगेवरची, तिची दुरुस्ती करून दिली. नर्सरी शाळेच्या वेळात ब्रेकर बंद ठेवला होता.

बिनजॅकेटिंगचा कॉलम फोडायला ब्रेकरला दोनेक तास लागत होते. जॅकेटिंग केलेल्या कॉलम नंबर १४ ला अख्खा दिवस गेला. तोच मुकादम म्हणाला, "साहेब, सगळ्या बिल्डिंगीत खरा कॉलम ह्योच होता बघा."

पाया खणला तेव्हा त्याच कॉलमचा जमिनीखालचा भाग बघायला मी मुद्दाम थांबलो. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, चांगलं होतं. जमिनीखाली दोन फूट काँक्रीट घट्ट, सळई जवळजवळ पूर्ण. खराबी होती ती लादीपासून खांद्यापर्यंतच, जिथे गाड्या धुतल्याचं पाणी रोज लागत होतं. ते बघून रात्री झोप लागली नाही, मी ४४ घरं उगाच बाहेर काढली का? पण पाडताना प्रत्येक मजल्यावरून मी तुकडे लॅबला पाठवले होते. पाचव्या, सातव्या, नवव्या, सगळीकडे क्लोराइड मर्यादेच्या वर, वरच्या मजल्यांच्या सळयांनाही खड्डे पडायला लागलेले. पाण्यानं १४ ला लवकर गाठलं, बाकीचे रांगेत होते. सी-१ बरोबर होतं असं मी आजही म्हणतो. मात्र ती रांग पंधरा वर्षांनी लांबवता आली असती. २००९ मध्ये, प्लास्टर आणि रंगाऐवजी, कोणी एक कॉलम उघडून बघितला असता आणि गाड्या धुणं बंद केलं असतं तर.

आज करायचं झालं तर

टेकू त्याच दिवशी, लॅबची वाट न बघता. हे आता मी फीबद्दल बोलायच्या आधी लिहून देतो, आणि सोसायटीनं चोवीस तासांत केलं नाही तर वॉर्ड ऑफिसला कळवणार हेही त्याच पत्रात.

फ्लॅट मोजायचं काम ऑडिटच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करायला हवं होतं. आम्ही ते नोटिशीनंतरचं काम समजलो.

नव्या टेस्ट कुठल्या जागी घ्यायच्या हे दोन्ही गटांना समोर उभं करून खडूनं खुणा करून ठरवलं असतं तर टॅकपर्यंतचे दोन महिने वाचले असते असं वाटतं. पुढच्या दोन सोसायट्यांत तसं केलं, भांडण झालं पण टेस्टच्या आधी झालं, रिपोर्टनंतर नाही.

पाडकामाच्या काँट्रॅक्टमध्ये तारखेच्या दंडाचं कलम होतं, मी वाचलं होतं आणि माझा विषय नाही म्हणून सोडलं होतं. रात्रपाळी त्या कलमातूनच आली. आता दंड असेल तर त्यातून पावसाचे आणि मी बंद केलेले दिवस वगळा असा आग्रह धरतो.

आणि कुठल्याही सोसायटीत गेलो की चेअरमनच्या केबिनमध्ये जायच्या आधी पंप चालवणाऱ्या माणसाला भेटतो. टाकी नक्की कुठे आहे, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, पावसाळ्यात कुठला कॉलम ओला राहतो, हे त्याला विचारून वहीत काढून घेतो, मग नकाशा उघडतो.